भाजणीच्या पाकिटामागे दहा रुपये

प्रश्न : ताई, सांगलीत माझा भाजणी-मेतकुटाचा घरगुती व्यवसाय आहे, मदतीला दोघी जणी. ह्यांना ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली कर्करोगाची गाठ, झाला होता. ऑपरेशन, रेडिएशन, गोळ्या सगळं केलं. सोळा महिन्यांनी गेले. आता चकली भाजणीच्या अर्ध्या किलोच्या पाकिटामागे दहा रुपये मेंदूच्या गाठींवरच्या संशोधनाला द्यायचं मनात आहे. दुकानात डबाही ठेवू का? ८ जूनला, जागतिक ब्रेन ट्यूमर दिनी सुरुवात करावी म्हणते. दीर म्हणतात, एवढ्याशा पैशानं काय होणार?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी दिरांचं बोलू. रेडिएशनबरोबरच्या त्या गोळ्या बहुधा टेमोझोलोमाइडच्या असणार. युरोप आणि कॅनडातल्या ५७३ रुग्णांवर त्यांची चाचणी झाली, २००५ साली निष्कर्ष आले. नुसत्या रेडिएशनवर दोन वर्षं पार करणारे शंभरात दहा होते, गोळ्यांनी ते सव्वीस झाले. आजही उपचार त्याच पायावर उभे आहेत. तुमच्या वाट्याला आलेल्या सोळा महिन्यांतले काही महिने त्या अनोळखी ५७३ जणांनी दिलेले असतील. दिरांना एवढंच सांगा.

डबा मात्र ठेवू नका, हे अगदी कळकळीनं सांगते. लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते; गणपती मंडळं घेतात तीच, ‘४१ क’ची. शिवाय एका दुकानाचे हिशेब लिहायला गेले होते, तिथला डबा तीन वर्षांनी उघडला. दमटपणानं नोटा एकमेकींना चिकटलेल्या, आणि सुट्ट्यासाठी त्यातून किती काढले ते कुणालाच आठवेना. मालक बिचारे सज्जन, पण मान खाली घालून बसले होते.

पाकिटामागचे दहा रुपये हा सरळ मार्ग. ते आधी तुमच्या विक्रीतच धरा, मग देणगी म्हणून वेगळे लिहा. त्याआधी धान्य, दळण, पाकीट आणि दोघींची मजुरी वजा करून अर्ध्या किलोमागे काय उरतं ते बघा. जड जात असेल तर पाच करा, त्यात कमीपणा नाही. लेबलवर ‘नफ्यातला काही भाग’ असं मोघम लिहू नका. आकडा आणि संस्थेचं नाव, दोन्ही छापा. दर रविवारी पाकिटं मोजून तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका.

नाव छापण्याआधी संस्थेला पत्र लिहा. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे, त्यांचं संशोधन केंद्र खारघरला. विचारा : माझी देणगी मेंदूच्या गाठींच्या संशोधनासाठीच राखून ठेवाल का? रुग्णसाहाय्यही मोलाचंच, पण तो निधी वेगळा, आणि तुम्ही गिऱ्हाइकाला सांगणार आहात संशोधन. होकार लेखी घ्या. पैसे चेकनं किंवा ऑनलाइन द्या. रोख दोन हजारांवर गेली की देणगीवरची ८० जीची आयकर सवलत मिळत नाही. नव्या करप्रणालीत असाल तर ती तशीही नाही. पावती काउंटरवर लावा.

तारखेचं म्हणाल तर ८ जूनला पाऊस तोंडावर असतो, चकली भाजणीला उठाव नसतो. त्या दिवशी पत्र धाडा. पाकिटं दसऱ्याला काढा.