इंडोनेशियाची करमणूक अचानक एवढी वर कशी आली? कोरियासारखा तिथेही सरकारने पैसा ओतला का?

तुमच्या प्रश्नातला ‘अचानक’ हा शब्द मला खटकला. एका साखर कारखान्याच्या उभारणीच्या कामावर मी पूर्व जावात, केदिरीजवळ, दोन वर्षं होतो. २०१९च्या अखेरीस परत आलो. तिथे जे पाहिलं त्यावरून सांगतो: यात सरकारचा हात फार थोडा आहे. हे सगळं लग्नाच्या मांडवातून आणि रस्त्यावरून वर आलंय, आणि यायला बरीच वर्षं लागली आहेत.

आमच्या साइटवरच्या एका फिटरच्या बहिणीचं लग्न होतं. तो म्हणाला, “पाक, रात्री नक्की या, दांगदुत आहे.” (पाक म्हणजे साहेब आणि काका यांच्या मधलं काहीतरी, आणि दांगदुत म्हणजे तिकडचं लोकप्रिय ठेक्याचं गाणं-बजावणं.) गेलो तर रस्ता अडवून मांडव घातलेला, भिंतीसारखे रचलेले स्पीकर, पुढे बायका मांडीवर पोरं घेऊन बसलेल्या. केंदांगचा, म्हणजे त्यांच्या ढोलकीचा, ठेका सुरू झाला आणि माणसं एकेक करून स्टेजवर चढू लागली. पाच-दहा हजार रुपियाच्या नोटा गायिकेच्या हातात ठेवायची, आणि ती गाता गाताच त्यांचं नाव घ्यायची. याला तिथे ‘सावेरान’ म्हणतात. आपली दौलतजादाच ती! बाजूला एक पोरगा कॅमेरा घेऊन रात्रभर उभा होता. दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत फिटरने मोबाइल पुढे केला, तर अख्खा कार्यक्रम एकेक गाणं सुटं करून यूट्यूबवर चढवलेला, कोपऱ्यात वाद्यवृंदाचं आणि शूटिंगवाल्याचं नाव. आज तिकडे लाइव्ह स्ट्रीम करणाऱ्याला प्रेक्षक ऑनलाइन पैसे पाठवतात, त्यालाही ‘सावेरान’च म्हणतात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एका शब्दात आहे.

दांगदुत हे नावच तबला-ढोलकीच्या ‘दांग’ आणि ‘दुत’ या बोलांवरून पडलं. हिंदी चित्रपट तिकडे १९५०च्या दशकापासून चालत, आणि मलय वाद्यवृंदांनी त्या चाली उचलल्या. १९७०च्या दशकात रोमा इरामा यांनी त्यात इलेक्ट्रिक गिटार आणली. शहरी लोक याला खेडवळ म्हणून नाकं मुरडायचे. मग व्हीसीडी आल्या. गावोगावच्या कार्यक्रमांच्या चोरट्या व्हीसीडी बाजारात फिरायच्या, आणि त्यांच्याच जोरावर पासुरुआनची इनुल दारातिस्ता ही गायिका टीव्हीवाल्यांना कळण्याआधी देशाला माहीत झाली. २००३ मध्ये तिच्या कंबर फिरवण्याच्या नाचावरून मोठं वादळ उठलं. खुद्द रोमा इरामा विरोधात गेले, तर माजी राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद तिच्या बाजूने उभे राहिले. यूट्यूब तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. म्हणजे ‘व्हायरल’ होणं काय असतं हे त्या लोकांना आधीच ठाऊक होतं.

आपल्याशी जोडलेलं एक उदाहरण सांगतो. २०११ मध्ये सुलावेसी बेटावरच्या गोरोंतालोतला नोर्मान कामारू हा पोलीस शिपाई गणवेशात बसून ‘छैया छैया’वर ओठ हलवत नाचला. त्याच्या शिक्षेची चर्चा झाली, पण लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

डिसेंबर २०१६चं ‘ओम तेलोलेत ओम’ही आठवत असेल. मध्य जावातल्या जेपाराकडची पोरं हातात पुठ्ठे घेऊन हायवेच्या कडेला उभी राहायची. पुठ्ठ्यावर लिहिलेलं, काका, तेलोलेत वाजवा ना काका! तेलोलेत म्हणजे लांब पल्ल्याच्या बसचा तो सुरावटीचा हॉर्न. ड्रायव्हरने वाजवला की पोरं रस्त्याकडेला नाचायची आणि मोबाइलवर टिपून घ्यायची. जगभरच्या नामांकित डीजेंनी ते उचललं. २०२५ मध्ये होडीच्या टोकावर काळा गॉगल लावून नाचणारा मुलगा तुम्ही पाहिलाच असेल. ती सुमात्रातल्या रिआउ प्रांताची ‘पाचु जालुर’ शर्यत, कुआंतान नदीवरची. एका अखंड झाडाच्या खोडाची होडी, चाळीसहून जास्त वल्हेकरी, आणि होडी आघाडीवर असली की टोकावरच्या पोराने नाचायचं. व्हिडिओसाठी कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं ते. त्या पोराचा तोल बघा, मग कळेल किती पिढ्यांची सवय आहे.

मोठे यूट्यूबरही आहेत. ‘आत्ता हालिलिंतार’ नावाच्या यूट्यूबरने २०१९ मध्ये १ कोटी सबस्क्रायबर गाठले, आग्नेय आशियात पहिलाच. २०२१ मधलं त्याचं लग्न टीव्हीवर थेट दाखवलं आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो हजर राहिले. असले घरगुती व्ह्लॉग मला सोसत नाहीत. सिनेमात मात्र जीव आहे. चार विनोदवीरांच्या पॉडकास्टमधून निघालेला ‘आगाक लाएन’ (२०२४) ९० लाखांहून जास्त लोकांनी थिएटरात पाहिला. ‘जुम्बो’ या ॲनिमेशनपटाने २०२५ मध्ये १ कोटी ओलांडले. त्याचा दिग्दर्शक रायन आद्रियांदी २०११ मध्ये टीव्हीवरची स्टँड-अप स्पर्धा जिंकलेला.

मग कोरियासारखं बाहेर का पसरलं नाही? गरजच कमी पडली. घरातच २७ कोटींहून जास्त लोक, आणि शेकडो बोली असूनही सगळ्यांना कळणारी एक भाषा, इंडोनेशियन.

तरी मला सगळ्यात भिडलेला माणूस त्या भाषेत गायचाच नाही, जावानीजमध्ये गायचा. दिदी केम्पोत. ‘केम्पोत’ हे फुटपाथवरच्या गायकांच्या टोळीच्या नावाचं लघुरूप. जावातल्या सोलो शहराच्या रेल्वे स्टेशनवरच्या ताटातुटीचं त्याचं गाणं वीस वर्षं जुनं होतं, पार दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामपर्यंत पोचलेलं. २०१९ मध्ये कॉलेजच्या पोरांनी त्याला नव्याने शोधलं. भर मैफलीत रडणाऱ्या मुलांचे व्हिडिओ पसरले, आणि ‘अंब्यार’, म्हणजे चक्काचूर, हा शब्द देशभर झाला. कोविड सुरू झाल्यावर त्याने घरून मैफल करून मदतीसाठी अब्जावधी रुपिया जमवले. त्यानंतर महिनाही गेला नाही, ५ मे २०२० ला तो गेला. मी तेव्हा घरी लॉकडाउनमध्ये होतो. सकाळी फिटरचा मेसेज आला. मजकूर काहीच नव्हता, फक्त स्टेशनच्या त्या गाण्याचा व्हिडिओ.