निळी गोळी घेऊ का? आधी छातीचं बघा

प्रश्न : डॉक्टर, वय ४७, बसून काम. दीड वर्ष झालं ताठरता नीट येत नाही, आली तरी टिकत नाही, पहाटेचंही बंद झालंय. बीपीची गोळी चालू आहे, शुगर बॉर्डरला, सिगरेट दिवसाला पाच-सहा. बायको काही बोलत नाही पण मलाच कानकोंडं होतं. मेडिकलवाला म्हणतो निळी गोळी घेऊन बघा. घेऊ का? मध्यंतरी जिना चढताना छातीत जड वाटलं तेव्हा वडलांची हृदयाची गोळी, सॉर्बिट्रेट, जिभेखाली ठेवली होती, दोनदा, आराम पडला.

उत्तर : नको, आत्ता अजिबात घेऊ नका. तुम्ही जाता जाता लिहिलंय ना सॉर्बिट्रेटचं, मला तीच खरी काळजी वाटतेय. निळी गोळी म्हणजे सिल्डेनाफिल, ती आणि सॉर्बिट्रेट एकत्र आल्या तर बीपी इतकं खाली जातं की जीवावर बेतू शकतं. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि तिच्याच जातीची टाडालाफिल घेतली असेल तर ४८ तास सॉर्बिट्रेट चालत नाही. कधी छातीत दुखून कॅज्युअल्टीत जायची वेळ आली आणि अशी गोळी घेतलेली असेल तर तिथे स्पष्ट सांगायचं, लाजायचं नाही.

आता मूळ मुद्दा. लिंगाच्या रक्तवाहिन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ च्या. सिगरेट, शुगर, बीपी यांनी आतलं अस्तर सगळीकडेच खराब होतं, त्यातून नायट्रिक ऑक्साइड कमी सुटतो, मग नळ्या नीट सैल होत नाहीत, आणि बारीक नळी आधी कुरकुरते. म्हणून बऱ्याच जणांत ही तक्रार हृदयाच्या त्रासाच्या दोन ते पाच वर्षं आधीच दिसते. पहाटेचंही बंद आहे म्हणजे हे नुसतं टेन्शन नसावं. तुमच्या बाबतीत तर जिन्यावर छाती जड होतेय, म्हणजे तपासून नाही म्हणेपर्यंत हा अँजायनाच, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणारा त्रास, धरायचा.

याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. साधा ईसीजी नॉर्मल आला म्हणून परत फिरू नका, बसल्या जागी काढलेल्या ईसीजीत हे सुटू शकतं, पुढची कुठली टेस्ट ते ठरवतील. लिपिड (कोलेस्टेरॉल) आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) करून घ्या. वडलांना हा त्रास कितव्या वर्षी सुरू झाला तेही सांगा, ५५ च्या आत असेल तर त्याला वजन आहे. आणि मध्येच बसल्या बसल्या दुखलं, घाम आला, दुखणं हात-जबड्यात गेलं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल, स्वतः गाडी चालवत नाही.

काही बीपीच्या गोळ्यांनीही ताठरता कमी होते हे खरंय, पण मनानं बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात. सिगरेट मात्र आजच सोडा. हृदय ठीक निघालं आणि नायट्रेट (सॉर्बिट्रेटच्या जातीचं औषध) लागत नसेल तर हीच निळी गोळी तेच डॉक्टर लिहूनही देतील, बहुतेकांना ती चालते.

आणि बायकोला आज सांगा. छातीचं आधी सांगा, दुसरं त्यातनं निघेलच. तपासणीला तिलाच सोबत न्या.