‘अपघातरोधक’ मोटार? हा शब्द नको

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या वाहतूक खात्याने १९७० मध्ये ‘एक्स्पेरिमेंटल सेफ्टी व्हेइकल’ हा कार्यक्रम सुरू केला, त्यातल्या गाड्यांना मराठीत ‘अपघातरोधक गाड्या’ म्हणावं का?

नाही. मोटारींवरच्या लेखांत हा शब्द सारखा भेटतो आणि दर वेळी खटकतो. जलरोधक कापडातून पाणी आत येत नाही. तसा अपघातरोधक गाडीला अपघात होताच कामा नये. या गाड्यांची कसोटी निराळी होती: ताशी ८० किलोमीटर वेगाने समोरून भिंतीवर आदळूनही आतली माणसं जगली पाहिजेत. व्होल्वोची १९७२ ची ‘व्हीईएससी’ ही प्रायोगिक गाडी घ्या. टक्कर झाली की तिचं लांब नाक चेपत जाणार, धक्का तिथेच जिरणार, आणि इंजिन माणसांच्या अंगावर न येता खाली सरकणार. चाकं लॉक होऊ न देणारे ब्रेकही तिला होते, पण तेवढ्यावर ती अपघातरोधक ठरत नाही. ‘प्रायोगिक सुरक्षा मोटार’ म्हणा, काम भागतं.

खरी मौज ‘अपघात’ या शब्दातच आहे. ‘अप म्हणजे वाईट, म्हणून वाईट घात’ ही फोड सर्रास सांगतात. मग चांगला घात कोणता? इथला ‘अप’ मुळात ‘दूर’ या अर्थाचा, अपनयन आणि अपहरण यांतला. घात ‘हन्’ धातूचा. म्हणजे मारून दूर सारणं, निवारण! सांख्य दर्शनाचा संस्कृत ग्रंथ असलेल्या सांख्यकारिकेची पहिलीच ओळ पाहा: ‘दुःखत्रयाभिघाताज्जिज्ञासा तदपघातके हेतौ’. तीन दुःखांचा आघात होतो, म्हणून ती दूर करणाऱ्या उपायाची जिज्ञासा. अपघातक म्हणजे चक्क निवारक. या अर्थाने ती व्होल्वो अपघातकच होती.

गौडपादभाष्य या सांख्यकारिकेवरच्या टीकेबरोबर इथे ‘तदपघातके’ऐवजी ‘तदभिघातके’ असा पाठ, म्हणजे मूळ ओळीतला शब्दभेद, येतो आणि काही अभ्यासक तोच धरून बसतात. एकाच ओळीत ‘अभिघात’ आधी दुःखाच्या माऱ्यासाठी आणि लगेच त्याच्या निवारणासाठी? मला हे मुळीच पटत नाही. दुसरे टीकाकार वाचस्पतिमिश्र यांचा ‘अपघातके’ हाच पाठ अर्थाला धरून आहे.

हिंसेने आलेलं मरण हा अर्थही संस्कृत कोशांत आहे, आणि मराठीकडे त्याच बाजूचा वारसा आला. माझ्या मते हे ‘अपमृत्यू’च्या शेजारामुळे झालं. त्या शब्दात ‘अप’ खरोखरच वाईट अर्थाचा आहे. दोन्ही शब्द मरणाच्या बातमीत जोडीने येत राहिले आणि ‘दूर’ हा अर्थ मागे पडला.