पहिलं बाळंतपण: जवळचं छोटं हॉस्पिटल की लांबचं मोठं?

तुम्ही लिहिलंय की सातवा महिना चालू आहे, पहिलीच वेळ, ओळखीच्या डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल दहा मिनिटांवर आणि एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) असलेलं मोठं पाऊण तासावर, तर नाव कुठे नोंदवू.

माझी दोन बाळंतपणं झालीत. पहिल्या वेळी मी खोली बघून ठरवलं, स्वच्छ, शांत, स्टाफ गोड बोलणारा. डिलिव्हरी नॉर्मल झाली, बाळ रडलं, सगळे खूश, आणि वार (प्लासेंटा) पडल्यावर रक्त थांबेचना. नऊ महिने भरले की गर्भाशयाकडे मिनिटाला साधारण अर्धा लिटर रक्त जात असतं, त्यामुळे वार सुटल्यावर गर्भाशय घट्ट आवळलं नाही तर बाई बघता बघता पांढरी पडते. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पोट चोळत राहिल्या, त्यांच्यामुळेच मी वाचले, पण तिथे रक्त ठेवलेलं नव्हतं आणि दीर बाटली घेऊन येईपर्यंत तासाच्या वर गेला. तो तास मी आजही विसरले नाहीये.

म्हणून दोन्हीकडे जाऊन सरळ विचारा, लाजू नका. रात्री दोन वाजता सिझर करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ तिथेच असतात की घरून येतात, आणि किती वेळात? रक्त कुठून आणतात? बाळाने श्वास घेतला नाही तर पहिल्याच मिनिटात त्याला हाताळणारं ट्रेनिंग घेतलेलं माणूस लेबर रूममध्ये असतं का? बाळाला एनआयसीयू लागलं तर कुठे पाठवतात? कारण मग आई इकडे आणि बाळ तिकडे असं होतं, ते फार जड जातं.

बीपी, जुळं, वार खाली असणं, दिवस भरायच्या आधी कळा येण्याची भीती, यातलं काही असेल तर मोठंच घ्या, मी दुसरा विचारच करणार नाही. काही नसेल आणि छोट्या ठिकाणी वरची उत्तरं पक्की मिळाली तर ओळखीच्या डॉक्टर हा खरंच मोठा आधार असतो. पाऊण तासाला एवढं घाबरू नका, पहिल्या वेळी कळा बहुतेक करून बरेच तास चालतात. फक्त रक्त जायला लागलं, पाणी हिरवट दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली किंवा डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधुक झालं तर कळांची वाट न बघता लगेच निघायचं.

आणि हो, कळांच्या वेळी आपलं माणूस जवळ राहू देतात का तेही विचारा, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींमध्येसुद्धा ते आहे. दुसऱ्या वेळी माझी बहीण शेवटपर्यंत हात धरून होती, पहिल्या वेळी मी एकटी होते, खूप फरक पडतो हो.

मोठं ठरलं तर आत्ताच नाव नोंदवून दोन-तीन तपासण्या तिथेच करा, म्हणजे फाईल तयार असते आणि ऐन वेळी सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.