वाळीत पडलेल्या घरातल्या मुलाला

प्रिय बाबू,

ख्रिस्तात सलाम.

पत्र मिळालं. पंचांनी तुमच्या घराशी व्यवहार तोडला, वावरात मजूर यायला तयार नाही, चक्कीवाल्यानं दळण तसंच परत पाठवलं. आणि तू ठरवलंस की पोळ्याला सगळा गाव तोरणाखाली जमला असताना नाल्यावर बाप्तिस्मा घ्यायचा. ‘मारतील तर मारू देत,’ असं लिहिलंस. तुझ्या वयाला असं वाटणारच. पण त्या दिवशी मी येणार नाही आणि पाळकसाहेबही येणार नाहीत. मी त्यांच्याशी बोललो आहे.

तू रक्तसाक्षींचे, म्हणजे विश्वासासाठी जीव दिलेल्यांचे, दाखले दिलेस, म्हणून त्यांच्याबद्दलच बोलतो. सुमारे 155 साली रोमी राज्यातल्या स्मुर्णा शहरात (आजचं तुर्कस्तानातलं इझमीर) मंडळीचा, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांचा, छळ सुरू झाला. क्विंटस नावाचा, जवळच्या फ्रिगिया प्रांतातला एक माणूस स्वतःहून पुढे झाला, आणखी काहींनाही चिथवून सोबत घेऊन गेला. रिंगणातली जनावरं दिसली तशी त्याची हिंमत गळाली. त्यानं सम्राटाच्या नावानं शपथ घेतली, देवतांना अर्पणही केलं. तिथल्या मंडळीनं हे सगळं पत्रात लिहून ठेवलं आणि स्पष्ट म्हटलं, जे आपणहून स्वतःला हवाली करतात त्यांची आम्ही वाखाणणी करत नाही.

त्याच शहराचा म्हातारा बिशप पॉलिकार्प काय करत होता? लोकांनी गळ घातली म्हणून तो शहराबाहेर एका वावरातल्या घरात जाऊन राहिला. तिथून दुसऱ्या. शिपाई अखेर दारात आले तेव्हा मात्र तो पळाला नाही. आधी त्यांना जेवू घालायला सांगितलं आणि प्रार्थनेसाठी तासभर वेळ मागून घेतला. ख्रिस्ताची निंदा कर, सोडून देतो, असं अधिकारी म्हणाला. तेव्हा त्याचं उत्तर होतं की 86 वर्षं मी त्याची सेवा केली, त्यानं माझं काही वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा कशी करू? त्याला जाळलं. लपलेला आणि न डगमगलेला माणूस एकच होता. एका गावात छळ झाला तर दुसऱ्यात पळून जा, हे तर प्रभूनंच शिष्यांना सांगून ठेवलं आहे.

आता तुझ्या मोठ्या काकांचं. पंचांपुढे त्यांनी ‘आमचा चर्चशी संबंध नाही’ अशा कागदावर अंगठा दिला आणि तू त्यांना यहूदा, प्रभूला धरून देणारा, म्हणतोस. 250 साली रोमचा सम्राट डेसियसनं असाच कागद सगळ्यांकडून मागितला होता. देवांना बळी दिला, प्रसाद खाल्ला, असं साक्षीदारांच्या सहीनं लिहून घ्यायचं. इजिप्तच्या वाळूत पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या जुन्या कागदावर, लिहिलेले असे दाखले सापडले आहेत. कितीतरी ख्रिस्ती लोकांनी ते कागद घेतले, काहींनी बळी न देता नुसते पैसे देऊन मिळवले. छळ ओसरल्यावर या लोकांचं काय करायचं यावरून मंडळी फुटायची वेळ आली. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन त्या काळात स्वतः लपून राहून पत्रांवर मंडळी चालवत होता, त्यावरून त्याला बोलणीही खावी लागली. तरी पश्चात्ताप करणाऱ्यांसाठी परतीची वाट ठेवलीच पाहिजे, असं ठरवण्यात तो पुढे होता. 258 साली त्याचं डोकं उडवलं गेलं. काकांच्या घरी लग्नाची पोर आहे, हे तू पत्रात लिहायचं विसरलास. प्रभूचा शिष्य पेत्र, त्यानं प्रभूला तीनदा नाकारलं आणि त्याच्याच हाती मेंढरं, म्हणजे मंडळी, दिली गेली. काकांकडे जा. कागदाचा विषय काढू नकोस, नुसता बस.

त्यागाबद्दल तू पानभर लिहिलंस, त्यात तुझ्या आईचं नाव कुठेच नाही. मार तू एक दिवस खाशील. हळदीकुंकवाला न बोलावलं जाणं, नळावर बायकांनी घागर बाजूला सरकवणं, हे ती रोज सोसते, आणि तिनं तर ख्रिस्त स्वीकारलेलाही नाही! नारायण वामन टिळकांचा 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा झाला, तेव्हा लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधारानं दिवस काढत राहिल्या. त्या पाच वर्षांनी, स्वतःच्या विचारानं ख्रिस्ती झाल्या. टिळकांच्या धैर्याचं आपण कौतुक करतो, किंमत कोणी मोजली ते मात्र सहज विसरतो. आईचं देवघर हलवू नकोस. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाप बैलांचे खांदे शेकतो आणि ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतो, तेव्हा दावं धरायला जा. तुझ्या घरचं पीक त्या बैलांवर उभं आहे. नैवेद्य खायचा की नाही हे तुझ्या विवेकावर. नको असेल तर हळूच नाही म्हण.

आणि एक कडू गोष्ट. पहाटे पाचला लाऊडस्पीकरवर गाणी लावली म्हणून शेजारी भांडला, त्याला तू छळ म्हणालास. तो छळ नाही बाबू, त्याची झोपमोड आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय काढ. दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करून दुःख भोगू नका, असं तिथं लिहिलं आहे. स्पीकर बंद कर.

वाळीत टाकण्याची तक्रार मात्र जरूर कर. जातपंचायतीनं बहिष्कार घालणं हा महाराष्ट्रात 2016 च्या कायद्यानं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार केली म्हणजे विश्वास उणा पडला असं होत नाही. फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाला चौकशीविना फटके मारले आणि सकाळी गुपचूप सोडून द्यायला निघाले, तेव्हा तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. कोणी, कधी, कोणासमोर काय म्हटलं ते वहीत तारखेनिशी लिही. चक्कीवाल्याचं नाव शेवटी लिही, तो स्वतः भ्यालेला आहे. आणि वावराचा हिस्सा जाईल या धमकीला भिऊ नकोस. धर्म बदलला म्हणून तुझा स्वतःचा वारसाहक्क संपत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यातली अडचण धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांची आहे. ती यवतमाळला वकिलाकडून नीट समजून घेऊ.

बाप्तिस्मा कापूस घरात आल्यावर घेऊ, बापाला आधी सांगून. तो हो म्हणेलच असं नाही, पण त्याला गावाकडून कळता कामा नये.

सोयाबीन काढायला माणसं मिळत नसतील तर निरोप धाड. मंडळीतले आम्ही आठ-दहा जण विळे घेऊन येऊ. डबे घरून आणू, आईला चुलीपाशी बसवू नकोस.

तुझे,
गुरुजी