दवाखान्यात वाढलेलं वजन घरी का उतरतं?

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची आहे. अ‍ॅनोरेक्सियासाठी, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणंच तोडण्याच्या आजारासाठी, तिला दोन महिने रुग्णालयात ठेवलं होतं. तिथे वजन पाच किलोंनी वाढलं, घरी आल्यावर महिन्याभरात त्यातलं निम्मं गेलं. ‘पुन्हा भरती केलंत तर बोलणारच नाही,’ म्हणते. डॉक्टरांनी घरी येऊन उपचार करणाऱ्या पथकाबद्दल सुचवलंय. म्हणजे नेमकं काय करतात? आम्हाला ते झेपेल का? – एक आई

उत्तर : झेपेल का, हे नंतर. आधी तिची नाडी मोजा. शांत बसलेली असताना ती मिनिटाला ५० च्या खाली असेल, उभं राहिल्यावर अंधारी येत असेल, ती पाणीसुद्धा नको म्हणत असेल किंवा लागोपाठ दोन आठवडे एकेक किलो उतरलं असेल, तर आजच्या आज डॉक्टरांकडे न्या. उकिडवं बसून हात न टेकता उठता येतं का, हेही आम्ही पाहतो. रक्ताचे रिपोर्ट चांगले आले म्हणून निर्धास्त राहू नका. उपाशी शरीर रक्तातले आकडे फार काळ सांभाळून नेतं.

एक उलटा धोकाही आहे. बरेच दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपूर खायला घातलं, तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं आणि ते हृदयावर बेततं. म्हणून सुरुवातीचे दिवस रक्त वरचेवर तपासतात. किती आणि कधी वाढवायचं, हे पथकच ठरवील, तुम्ही मायेपोटी नाही.

आता पथकाबद्दल. मी मानसोपचार विभागात परिचारिका आहे आणि माझं बरंचसं काम लोकांच्या घरी त्यांच्या जेवणाच्या वेळी शेजारी बसण्याचं आहे. पथकात डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि कुटुंबाशी बोलणारे समुपदेशक असतात. जर्मनीत आखेनच्या पथकाने आधी चार ते आठ आठवडे रुग्णालय आणि मग तीन-चार महिने घर असा क्रम लावून पाहिला. पहिले दोन महिने आठवड्याला तीन-चार भेटी होत्या. गट लहान होता, त्यामुळे मी फार मोठे दावे करणार नाही. कुटुंबाला सोबत घ्यावं याला मात्र जुना आधार आहे. १८७० च्या दशकात या आजाराला नाव देणारे लंडनचे विल्यम गल लिहून गेले होते की, अशा रुग्णांची काळजी घ्यायला नातेवाईक सगळ्यात वाईट. १९८७ साली लंडनच्याच मॉडस्ली रुग्णालयातल्या जेराल्ड रसेल आणि सहकाऱ्यांना उलट दिसलं. रुग्णालयातून वजन वाढवून घरी पाठवलेल्यांपैकी ज्यांचा आजार १९ वर्षांच्या आत सुरू झाला होता आणि तीन वर्षांहून कमी जुना होता, त्यांना कुटुंबासह घेतलेल्या उपचारांचा जास्त फायदा झाला.

रुग्णालयात ताट परकं, खोली परकी, नियम परके. तिथे ती जेवली ते तिथलं. घरी प्रत्येक कोपरा आजाराच्या ओळखीचा असतो : घास कुठे लपवायचा, कोणता नळ मोठ्याने सोडायचा, आई कधी फोनवर असते. म्हणून उपचारही त्याच टेबलाशी व्हावे लागतात.

ताट तुम्ही वाढायचं. वाढताना ती स्वयंपाकघरात नको, नाहीतर चमच्या-चमच्याची घासाघीस सुरू होते. वेळ साधारण अर्धा तास. तेवढ्यात उरलं, तर आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलेलं पूरक पेय. बोलणं जेवण सोडून कशाबद्दलही. ती अडली की एवढंच : ‘पुढचा घास.’ उपदेश नको, कॅलरींचा हिशेब नको आणि ‘आता कशी छान दिसतेस’ तर मुळीच नको. तिच्या कानांत ते ‘जाड झालीस’ असंच पोचतं. जेवणानंतर तासभर कुणीतरी सोबत, बाथरूमचं दार त्या वेळात बंद नाही. पायऱ्यांची चढउतार, मध्यरात्रीचा व्यायाम याकडेही लक्ष असू द्या.

ती तुकड्यांचे तुकडे करील, खोटं बोलेल. त्याने खचू नका. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. तेही दोन दोन तास एकच जेवण चिवडत बसायला लागले, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. यातलं बरंचसं उपासमारच करते.

घरचा वजनकाटा कपाटात कुलूप लावून ठेवा. वजन आम्ही करतो : सकाळी, लघवी झाल्यावर, हलक्या कपड्यांत. पोटभर पाणी पिऊन आकडा फुगवण्याची युक्ती सगळ्याच मुलींना माहीत असते, म्हणून कधी कधी लघवीही तपासतो. आठवड्याला अर्धा किलो वाढला तर मी समाधानी.

तुमच्या घरात सगळ्यात अवघड काय जाईल, ते मी पैजेवर सांगते. एक जण ठाम राहील आणि दुसरा म्हणेल, ‘आज जाऊ दे ना!’ मुलगी लगेच त्या फटीत शिरते. तेव्हा आधी तुम्ही दोघं एकमत व्हा. काही आठवडे प्रत्येक जेवणाला कुणीतरी मोठं माणूस घरी लागेल. रजेचा प्रश्न आताच सोडवा. ते शक्यच नसेल, किंवा ती जिवाचं काही करून घेण्याबद्दल बोलत असेल, तर घरचा हट्ट धरू नका.

आणि भरती? कोणता आकडा आला की भरती, हे पथकाने पहिल्याच दिवशी लिहून ठेवावं आणि तिला वाचून दाखवावं. मग तो तुमचा निर्णय राहत नाही. ताटावर बसून ‘खा, नाहीतर भरती’ असं कधीही म्हणू नका. आणि ती अबोला धरील, हे धरून चाला. अबोल्याने नाडी मंदावत नाही.

प्रश्न : माझी पत्नी ३४ वर्षांची, आजार १५ वर्षांचा. मीही तिला असंच समोर बसून भरवू का? – एक पती

उत्तर : नको. वर सांगितलेलं किशोरवयातल्या मुलींसाठी आहे. मोठ्या माणसाच्या ताटाचा ताबा नवऱ्याने घेतला, की घरात एक पहारेकरी वाढतो आणि बायको एकटी पडते. तिलाच विचारा, दिवसातल्या कोणत्या जेवणाला तुम्ही सोबत हवे आहात आणि तेव्हा काय बोललेलं चालेल. बाकी काम तिचं आणि तिच्या समुपदेशकाचं. मात्र तिचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) १३ च्या खाली गेला किंवा चक्कर, अशक्तपणा वाढला, तर तिच्या मर्जीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

१५ वर्षांनी काय होणार, असं मनात असेल तर एक सांगते. अमेरिकेतला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. या आजाराच्या स्त्रियांपैकी सुमारे ३१ टक्के नऊ वर्षांनी बऱ्या झालेल्या होत्या. साधारण २२ वर्षांनी तो आकडा ६३ च्या आसपास गेला. पुढच्या भेटीला सोबत जा. लांबलेल्या आजारात हाडं ठिसूळ होतात, म्हणून हाडांची घनता शेवटची कधी मोजली, तेवढं विचारून घ्या.