'डीबंक'मधला बंक कोणता?

प्रश्न असा: 'अफवा डीबंक केली' यातला बंक आणि कॉलेजची पोरं लेक्चरला मारतात तो बंक एकच का?

आधी एक सांगतो. 'व्हिडिओ डीबंक केला, तो खरा निघाला' हे वाक्य हल्ली सारखं कानावर येतं. खरा निघाला तर डीबंक काय केलं, कपाळ? डीबंक म्हणजे तपासणं नव्हे, पितळ उघडं पाडणं. होस्टेलातला एकावर एक असलेला झोपायचा बंक वेगळाच, तो सोडा.

हा बंक म्हणजे शेपूट तुटलेला 'बंकम', आणि बंकम हा नॉर्थ कॅरोलायनातला जिल्हा. अ‍ॅशव्हिल शहर तिथलंच. तिथले खासदार फेलिक्स वॉकर. गडी साधासुधा नव्हे: 1775 साली नामांकित वाटाड्या डॅनियल बूनच्या टोळीबरोबर केंटकीच्या रानात गेला, मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात जबर जखमी झाला, तरी जगला. 1817 ते 1823 तो अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात होता. 1820 च्या फेब्रुवारीत मिझुरीला गुलामगिरीसह राज्याचा दर्जा द्यायचा का, यावर वाद टिपेला पोचलेला. सभासद 'मत घ्या, मत घ्या' ओरडताहेत आणि वॉकरसाहेब बोलायला उभे! काही जण उठून चालते झाले. हे म्हणाले, उरलेल्यांनीही खुशाल जावं, मी फक्त बंकमसाठी बोलतोय. झालं, पोकळ भाषणाला नाव मिळालं. उच्चार तोच राहिला, स्पेलिंग तेवढं लोकांनी सोपं केलं. पुढे 1923 मध्ये विल्यम वुडवर्ड या लेखकाने त्याला 'डी' जोडला.

काही पंडित बंकमला स्पॅनिश पत्त्यांच्या खेळापर्यंत ओढत नेतात. अहो, तो 'बंको', म्हणजे ठकबाजी. त्याचं घराणं निराळं. आडनाव सारखं म्हणून सोयरिक जुळवायची का?

आता लेक्चरचा बंक. ही ब्रिटिश बोलीतली पळ काढण्याची क्रिया. कोशकार 'मूळ अज्ञात' लिहून मोकळे होतात. मला मात्र राहून राहून वाटतं, बंकमचं भाषण आणि त्यातून उठून जाणारे सभासद, म्हणजे दोन्ही बंक एकाच दिवशी एकाच छपराखाली! पुरावा मागू नका. शब्द तिकडे ब्रिटनमध्ये सापडतो, ही अडचण मलाही दिसते. पण 'अज्ञात'पेक्षा हे बरं नाही का? शिवाय वॉकरनेच 'जा' म्हटल्यामुळे त्या सभासदांची हजेरीही बुडाली नसणार.